तारीख नसलेलं लग्न : रॉबर्ट बर्न्स आणि जीन आर्मर

रॉबर्ट बर्न्स हे नाव तुमच्यापैकी काहींनी कॉलेजात इंग्रजीच्या तासाला ऐकलेलं असेल. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही, त्यांनीही त्याचं एक गाणं बहुधा ऐकलेलं आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला लोक हातात हात गुंफून जे गाणं म्हणतात, 'ऑल्ड लँग साइन', त्याचे आजचे शब्द जुन्या लोकगीतावरून बर्न्सनेच घडवले. रवींद्रनाथांनी त्याच चालीवर बंगाली गाणं बांधलं. म्हणजे माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

२५ जानेवारी १७५९ रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर भागात, ॲलोवे गावी एका कुळवाडी शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. २१ जुलै १७९६ रोजी तो वारला. सदतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यातल्या प्रेमप्रकरणांची यादी मात्र लांबलचक. व्याख्याते बहुधा ही यादी वाचून दाखवतात, श्रोते हसतात आणि चहाला जातात. मला आज ते करायचं नाही. मला एकच प्रश्न घ्यायचा आहे. वरवर तो कारकुनी वाटेल. बर्न्सचं जीन आर्मरशी लग्न नेमकं कधी झालं?

चरित्रग्रंथ उघडा. जन्माची तारीख मिळते, मृत्यूची मिळते, पुस्तक कोणत्या दिवशी बाहेर आलं तेही मिळतं. लग्नाच्या जागी १७८८ असा आकडा दिसतो, आणि त्यापुढे बरीच स्पष्टीकरणं. या स्पष्टीकरणांमध्येच सगळी गोष्ट दडलेली आहे.

१७८४ साली वडील गेल्यावर रॉबर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट मॉखलिन गावाजवळच्या, खंडाने घेतलेल्या मॉसगील नावाच्या शेतीवर राहायला गेले. जमीन निकस. रॉबर्ट दिवसा नांगर धरी आणि कविता करी. घरात एलिझाबेथ पेटन नावाची मुलगी कामाला होती. तिला त्याच्यापासून २२ मे १७८५ रोजी मुलगी झाली. बर्न्सने हे लपवलं नाही. मुलीच्या स्वागताची कविता लिहिली आणि मुलगी त्याच्या आईच्या हाताखाली वाढली. पण पेटनशी त्याने लग्न केलं नाही. याच सुमारास मॉखलिनमधली जीन त्याच्या आयुष्यात आली. जेम्स आर्मर हा गावातला मोठा गवंडी, दगडकामाची कंत्राटं घेणारा, चर्चमध्ये मान असलेला गृहस्थ. जीन त्याची मुलगी, बर्न्सपेक्षा सहा वर्षांनी लहान. गळा गोड. जुन्या चाली तिला पुष्कळ येत. ही गळ्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७८६ च्या सुरुवातीला जीनला दिवस गेले. ती एकवीस वर्षांची, तो सत्तावीस. बर्न्सने तिला एक कागद लिहून दिला. त्याचा मजकूर आज उपलब्ध नाही, पण दोघांनी एकमेकांना नवराबायको म्हणून मान्य केल्याचा तो कागद होता, एवढं त्याच्या पत्रांवरून कळतं.

आता इथे स्कॉटलंडचा कायदा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने चर्चमधल्या रीतसर विधीशिवाय लग्नाला मान्यता राहिली नव्हती. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे जुनं तत्त्व चालू होतं : लग्न संमतीने होतं. लग्नाला मोकळे असलेल्या स्त्री-पुरुषांनी 'आम्ही आत्ता पतिपत्नी आहोत' असं मनापासून म्हटलं की झालं लग्न. पाद्री नको, साक्षीदार नको. चर्च त्याला 'अनियमित' म्हणे, दंड करी, पण खोटं म्हणत नसे. इंग्लंडमधली पळून आलेली जोडपी सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीनला लग्न लावत ती याच कायद्याच्या आधाराने. ही पद्धत तिथे १९४० पर्यंत टिकली.

आपल्याकडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. गांधर्वविवाह. धर्मशास्त्राने मान्य केलेल्या आठ प्रकारांतला एक. दोघांची इच्छा हाच विधी. आणि त्याची अडचणही आपल्याला ठाऊक आहे. कालिदासाने त्यावर आख्खं नाटक उभं केलं. संमती दोघांच्या मनात असते, आणि उद्या एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याने काय दाखवायचं? शकुंतलेकडे अंगठी होती. जीनकडे कागद होता.

अंगठी पाण्यात पडली. कागद बापाने काढून घेतला.

जेम्स आर्मरला मुलीच्या अवस्थेचा धक्का बसला, पण जावयाचं नाव ऐकून त्याहून मोठा बसला. लग्न झालेलं असणं मुलीच्या अब्रूसाठी बरं होतं, तरी त्याला ते नको होतं. गरीब शेतकरी, चर्चच्या पुढाऱ्यांची टिंगल करणारा, आधीच एका मुलीचा बाप! कागद एअर शहरातले वकील रॉबर्ट एकन यांच्याकडे गेला आणि त्यातली दोघांची नावं कापून टाकण्यात आली. जीनची रवानगी पेज्लीला नातेवाइकांकडे झाली. गंमत अशी, गंमत म्हणू नये खरं तर, की एकन हे बर्न्सचे मित्र आणि त्याच्या कवितांचे चाहते होते. एप्रिल १७८६ मधल्या एका पत्रात बर्न्स लिहितो की तिला आपली करण्याची इच्छाही आता उरली नव्हती, तरी नावं कापली गेल्याचं ऐकल्यावर काळीज थंड पडलं.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे इथे जरा थांबणार. कागदावरची नावं कापल्याने लग्न मोडतं का? कायद्याने पाहिलं तर मोडत नाही. संमती दिली गेली होती, कागद हा फक्त तिचा पुरावा होता. पुरावा नष्ट झाला म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. पण याच स्कॉटलंडमध्ये दहा वर्षांपूर्वी वारलेला डेव्हिड ह्यूम काय सांगून गेला होता? वचन बांधतं ते निसर्गनियमाने नव्हे. 'मी वचन देतो' हे शब्द बंधनकारक होतात कारण माणसांनी मिळून तशी रीत पाडलेली असते. तिकडे कोनिग्सबर्गमध्ये कान्टचं नीतिशास्त्राच्या पायाविषयीचं पुस्तक १७८५ सालीच आलं, त्यात खोट्या वचनाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कान्टला सगळ्या गावाने विरोध केला असता तरी वचन ते वचन. मॉखलिनमध्ये त्या वर्षी ह्यूम जिंकला. गावाने, बापाने, वकिलाने ठरवलं की हे वचन धरायचं नाही, आणि ते धरलं गेलं नाही.

बर्न्सला यात फक्त स्वतःचा अपमान दिसला. जीनने आपल्याला सोडलं, शपथ मोडली, असं तो मित्रांना लिहीत राहिला, आणि त्याच पत्रांत तिच्यावर अजून वेड्यासारखं प्रेम आहे असंही लिहीत राहिला. पुष्कळ चरित्रकार त्याचंच म्हणणं उचलतात : जीनने कागद देऊन टाकला. अहो, देऊन टाकला म्हणजे काय? गरोदर मुलगी, बापाच्या घरात, बापाच्या अन्नावर. तिच्याकडे नाही म्हणायला जागा किती होती? मला हा आरोप कधीच पटलेला नाही.

याच वसंतात बर्न्स मेरी कॅम्पबेल नावाच्या दुसऱ्या मुलीत गुंतला. एअर नदीच्या काठी दोघांनी बायबलांची देवघेव करून निरोप घेतला. शरदात मेरी ग्रीनॉकला तापाने गेली. दंतकथेला यापेक्षा काय हवं? तिच्यावर कविता झाल्या, पुढे १८९६ साली डुनूनला तिचा पुतळाही उभा राहिला. जीनचे पुतळे उभे राहायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

बर्न्सने जमेकाला जायचं ठरवलं होतं. मळ्यावर हिशेबनीस म्हणून, आणि मळा म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा. समतेची गाणी लिहिणारा हा कवी त्या नोकरीला निघाला होता, हे त्याच्या जयंतीच्या जेवणावळीत कमी वेळा सांगितलं जातं.

मग चर्च. मॉखलिनचं पंचमंडळ, ज्याला कर्क सेशन म्हणत, आणि त्याचे पाद्री विल्यम ऑल्ड. १३ जून १७८६ रोजी जीनने पाद्रींना पत्र लिहून कबुली दिली की ती गरोदर आहे आणि बाप बर्न्स आहे. तिच्या तोंडून आलेल्या फार थोड्या गोष्टी कागदावर उरल्या आहेत. त्यांतली ही एक, आणि तीही गुन्हेगारासारखी दिलेली जबानी. जुलैमध्ये बर्न्सने भर चर्चमध्ये उभं राहून प्रायश्चित्त घ्यायला सुरुवात केली. का? पत्रात तो स्वतःच कारण सांगतो : अविवाहित असल्याचा दाखला मिळावा म्हणून. ऑल्ड यांनी तसं आश्वासन दिलं होतं. म्हणजे बघा, ज्या चर्चने नंतर लग्न मान्य केलं, त्याच चर्चकडून त्याने आधी लग्न झालेलंच नाही असं लिहून घेतलं.

तिकडे जेम्स आर्मरने मुलांच्या पोटगीसाठी जबर रकमेचा जामीन मागणारं वॉरंट काढलं. बर्न्सने आपली मालमत्ता आणि छापल्या जाणाऱ्या पुस्तकाचं उत्पन्न गिल्बर्टच्या नावे करून दिलं, पेटनच्या मुलीच्या संगोपनासाठी, आणि तो लपून राहिला. तो असा लपलेला असताना ३१ जुलै १७८६ रोजी किल्मारनॉकच्या जॉन विल्सनने त्याचा पहिला संग्रह छापून बाहेर काढला. ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग. महिनाभरात जवळजवळ सगळ्या संपल्या. ३ सप्टेंबरला जीनला जुळं झालं, मुलगा आणि मुलगी. आईबापांची नावं ठेवली, रॉबर्ट आणि जीन. नोव्हेंबरमध्ये बर्न्स एडिनबरोला गेला आणि रातोरात नांगरवाला कवी म्हणून गाजला. जमेका राहिलं.

पुढच्या जूनमध्ये तो गावी आला तेव्हा आर्मर मंडळींनी त्याच्यासाठी घर उघडं टाकलं. कालचा भिकारडा आज कीर्तिवंत! बर्न्सला त्यांच्या या लाचारीची किळस आली, तसं त्याने लिहिलंही. पण जीनकडे तो पुन्हा गेला आणि जीनला पुन्हा दिवस गेले. आता आईबापांनी तिला घराबाहेर काढलं.

आणि बर्न्स कुठे होता? एडिनबरोत, ॲग्नेस मॅक्लेहोजला पत्रं लिहीत होता. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, शिकलेली, धार्मिक, कविता करणारी स्त्री. ४ डिसेंबर १७८७ रोजी भेट झाली, लगेच बर्न्सच्या गुडघ्याला दुखापत होऊन तो खोलीत अडकला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. ती क्लॅरिंडा, तो सिल्व्हँडर. पत्रं अतिशय गाजलेली आहेत. मला ती कृत्रिम वाटतात. टोपणनावांनी लिहिणारी दोन माणसं एकमेकांना अभिनय करून दाखवताहेत असं वाटत राहतं. (त्याच सुमारास क्लॅरिंडाची मोलकरीण जेनी क्लो हिलाही त्याच्यापासून मूल झालं. ते पत्रांत शोभलं नसतं.)

फेब्रुवारी १७८८ मध्ये तो मॉखलिनला येऊन जीनला भेटला आणि क्लॅरिंडाला त्याने कळवलं की तुझ्यापुढे ती म्हणजे सूर्यापुढे दमडीची मेणबत्ती. मार्चच्या सुरुवातीला मित्र रॉबर्ट एन्स्लीला दुसरं पत्र लिहिलं. ते सगळं इथे वाचून दाखवता येणार नाही, इतकं ते ओंगळ आहे. पूर्ण दिवस भरलेल्या बाईशी आपण कसे वागलो याची फुशारकी त्यात आहे. बर्न्सवर प्रेम करणाऱ्यांनी ते टाळू नये असं मला वाटतं. त्याच पत्रात तो सांगतो की आपण तिला खोली घेऊन दिली, महोगनीचा पलंग घेऊन दिला, तिच्या आईशी तिचा समेट करून दिला. आणि एक गोष्ट आणखी. एकांतात तिच्याकडून शपथ घेतली : मी जिवंत असताना किंवा मेल्यावरही, कोणी कितीही पटवलं तरी, तू माझी बायको असल्याचा दावा करणार नाहीस. तिने शपथ घेतली.

मंडळी, माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली या शपथेत आहे. जो दावा अस्तित्वातच नाही, तो न करण्याची शपथ कोण घेववतो? कागद कापला गेला होता. चर्चने अविवाहित म्हणून दाखला दिला होता. जगाच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. तरी हा माणूस दोन वर्षांनी तिच्याकडून शपथ घेतो, कारण त्याला आतून पक्कं ठाऊक आहे की दावा जिवंत आहे. १७८६ साली दिलेला शब्द कापलेल्या कागदाखाली तसाच शाबूत आहे. लग्न नाही हे सिद्ध करायला त्याने जे केलं, तोच लग्नाचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो. आणि हे ओळखून मोकळेपणे बायको म्हणण्याऐवजी त्याने तिचं तोंड बंद करून पाहिलं.

जीनला पुन्हा जुळं झालं, दोन मुली. दोन्ही काही दिवसांतच गेल्या. पहिल्या जुळ्यातली मुलगी आधीच्या शरदात गेली होती.

आणि एप्रिल संपता संपता, २८ तारखेला, बर्न्स मित्र जेम्स स्मिथला लिहितो ते 'मिसेस बर्न्स'विषयी! मधल्या सात-आठ आठवड्यांत काय झालं? पश्चात्ताप म्हणा, हिशेब म्हणा. डम्फ्रीजजवळ एलिसलंडची शेती घ्यायची होती, अबकारी खात्याची नोकरी नजरेत होती, घर सांभाळायला माणूस हवं होतं. त्याने स्वतः मार्गारेट चाल्मर्सला सप्टेंबरमध्ये दिलेलं कारण वेगळं आहे : ज्या जिवावर फार काळ प्रेम केलं त्याचं सुखदुःख माझ्या निर्णयावर अवलंबून होतं, एवढ्या मोठ्या ठेवीशी खेळ करण्याची छाती झाली नाही. 'ठेव' या अर्थाचाच शब्द त्याने वापरला आहे. मला तो प्रामाणिक वाटतो. ठेव आपली नसते, कोणीतरी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली असते. क्लॅरिंडाला मात्र ही बातमी दगाबाजी वाटली, आणि तिच्या बाजूने ती होतीच.

५ ऑगस्ट १७८८ रोजी रॉबर्ट आणि जीन मॉखलिनच्या त्याच पंचमंडळापुढे, त्याच ऑल्ड यांच्यापुढे उभे राहिले. अनियमित लग्न झाल्याचं दोघांनी कबूल केलं, खेद व्यक्त केला आणि ते पक्कं करून मागितलं. मंडळाने दोघांना समज दिली, यापुढे एकमेकांशी आयुष्यभर निष्ठेने राहण्याचं बंधन घातलं. नवऱ्याने गरिबांसाठी काही दंड भरायचा असतो असं सांगितल्यावर बर्न्सने एक गिनी दिली. नोंद आहे. पण त्या दिवशी लग्न लागलं नाही, आधी झालेलं लग्न मान्य झालं. आधी म्हणजे कधी, हे कोणी विचारलं नाही.

याच उन्हाळ्यात बर्न्स एलिसलंडला घर बांधून घेत होता आणि जीन मॉखलिनलाच होती. तिच्यासाठी त्याने एक गाणं लिहिलं, पश्चिमेच्या वाऱ्याचं, कारण ती जिथे होती तिकडून तो वारा येई. नंतर त्याने नोंद करून ठेवली की हे मधुचंद्राच्या दिवसांत मिसेस बर्न्ससाठी केलं. क्लॅरिंडासाठी त्याने केलेलं विरहगीत फार सुंदर आहे, नाकारणार नाही. पण बर्न्सचं खरं मोठं काम पुढच्या वर्षांतलं. स्कॉटिश लोकगीतं गोळा करणं, मोडकी सावरणं, चालीला नवे शब्द देणं. जेम्स जॉन्सनच्या संग्रहासाठी त्याने सुमारे दोनशे गाणी दिली. आणि घरात जुन्या चाली येणारा, शब्द चालीत बसतो की नाही हे गाऊन दाखवणारा गळा जीनचा होता. 'मेणबत्ती' म्हणून जिची संभावना केली, तिच्या उजेडात हे काम झालं.

निष्ठेचं बंधन त्याने पाळलं नाही. डम्फ्रीजच्या ग्लोब इन या गुत्त्यातली ॲना पार्क हिला ३१ मार्च १७९१ रोजी त्याच्यापासून मुलगी झाली. ९ एप्रिलला जीनला मुलगा झाला. नऊ दिवसांचं अंतर. ॲनाची मुलगी पुढे जीनने आपल्या घरात आणून आपल्या मुलांबरोबर वाढवली. आमच्या रॉबला दोन बायका हव्या होत्या, असं ती म्हणाल्याचं सांगतात, आणि सभांमध्ये त्यावर हशा पिकतो. हसावं की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्यात क्षमा जितकी दिसते तितकाच थकवाही दिसतो. पण त्या मुलीला घर मिळालं ते कवीच्या उदार अंतःकरणामुळे नव्हे, जीनमुळे. १७८६ साली दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता. तो दोघांपैकी कोणी पाळला हे पाहायचं तर मी १७८८ च्या नोंदवहीकडे जाणार नाही, या पाळण्याकडे जाईन.

जुलै १७९६. बर्न्स खंगलेला, कर्जाच्या धास्तीने पाच-दहा पौंडांसाठी पत्रं लिहीत होता. जीन सातव्यांदा बाळंत व्हायची होती. १८ तारखेला त्याने एक पत्र लिहिलं, बहुधा आयुष्यातलं शेवटचंच. ते मॉखलिनला जेम्स आर्मरला लिहिलेलं आहे. देवासाठी सासूबाईंना ताबडतोब पाठवा, जीनचे दिवस अगदी भरले आहेत आणि तिच्याजवळ कोणी नाही. ज्या माणसाने दहा वर्षांपूर्वी कागदातून याचं नाव कापायला लावलं होतं, त्याला याने जावई म्हणून हे लिहिलं.

तीन दिवसांनी तो गेला. २५ जुलैला मोठ्या इतमामाने अंत्ययात्रा निघाली. जीन तिला जाऊ शकली नाही, कारण त्याच दिवशी तिला मुलगा झाला.

त्यानंतर ती अडतीस वर्षं जगली, डम्फ्रीजच्या त्याच घरात. पुन्हा लग्न केलं नाही. वर्गणी जमली, चार खंडांत त्याचं साहित्य निघालं, त्यातून घर सावरलं. विल्यम आणि जेम्स हे दोन मुलगे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात हिंदुस्थानात आले, जेम्सच्या पहिल्या बायकोची कबर नीमचला झाली. कवीचं घर पाहायला लोक येत, जीन त्यांना आत घेई, आठवणी सांगे. त्या आठवणी इतरांनी टिपून घेतल्या.

२६ मार्च १८३४ रोजी ती वारली. नवऱ्याशेजारी ठेवण्यासाठी समाधीचं तळघर उघडावं लागणार होतं. ही संधी साधून डम्फ्रीजमधले काही गृहस्थ दफनाच्या आदल्या रात्री तिथे उतरले, बर्न्सची कवटी बाहेर काढली आणि तिचा प्लॅस्टरचा साचा घेतला. तेव्हा कवटीच्या उंचवट्यांवरून बुद्धी मोजण्याचं एक शास्त्र जोरात होतं. साचा घेऊन झाल्यावर त्यांनी कवटी परत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी जीनला पुरण्यात आलं.

आता प्रश्न घेऊ या.